हळदीच्या दुधाबरोबर सिप्रो

फेब्रुवारी-मार्चमध्ये मुदखेडच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर पेटलेले असतात. अशा मुलखात हळदीला कोणी नावं ठेवत नाही. मागे आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक मावशी म्हणाल्या, "मालकाला सिप्रो चालू हाय. गोळी हळदीच्या दुधातच देते मी. दोन्ही मिळून लवकर गुण येतो ना?"

गुण येत नाही, उलट गोळीचा जोर कमी होतो. दुधातलं कॅल्शियम सिप्रोफ्लॉक्सासिनला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात औषध कमी पोचतं. आणि औषध अपुरं पडलं की चिवट जंतू तेवढे मागे उरतात. पुष्कळांना वाटतं, शरीराला गोळीची सवय होते. शरीराला नाही होत, जंतूच औषधाला पुरून उरतात.

राहिली हळद. तिच्यात शंभरात साधारण तीन भाग कर्क्युमिन. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते जंतूंना रोखतं, पण खाल्लेल्या हळदीतलं फारच थोडं रक्तात उतरतं. बशीतलं यश बशीतच राहतं.

तरी वनस्पती आणि औषध मिळून गुण वाढतो, ही मावशींची कल्पना अगदीच वाऱ्यावरची नव्हती. काही जंतूंच्या आवरणात पंप असतात. आत शिरलेलं औषध ते बाहेर फेकतात. पुवाच्या फोडात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसमधल्या अशा पंपाचं नाव नॉरए. दारूहळदीच्या कुळातल्या झाडांत जंतूंना रोखणारं बर्बेरिन असतं, पण हा पंप त्यालाही हुसकावतो. गंमत म्हणजे त्याच झाडांत पंप तुंबवणारा दुसरा पदार्थही असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2000 साली तो दाखवला. मिरीतलं पायपरिन सिप्रोच्या जोडीने हेच काम करतं, हे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने 2006मध्ये मांडलं. तेही बशीतच.

रुग्णापर्यंत पोचलेली जोडी वेगळी. 2009मध्ये भारतात क्षयाची एक गोळी मान्य झाली. तिच्यात 10 मिलिग्रॅम पायपरिन असल्याने रिफाम्पिसिन 450ऐवजी 200 मिलिग्रॅमवर भागतं. इथे मिरी जंतूंशी लढत नाही, औषध रक्तात जास्त उतरवते. म्हणून कोणी गोळीवर मिरपूड फाकू नये. हेच पायपरिन फिट्सच्या फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि त्या औषधात थोडं जास्त झालं तरी तोल जातो.

मावशींना एवढंच सांगितलं: गोळी पाण्याबरोबर, दूध निदान दोन तासांनी. त्यांनी विचारलं, "तीन दिवसांत बरं वाटलं तर उरलेल्या ठेवून देऊ?"

"नको. डॉक्टरांनी जेवढे दिवस लिहिलेत, तेवढे द्या."