रायफलचा चाप ‘हलका’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

५० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये याच अंतरावर, पॉइंट २२ रिमफायर रायफलने कांस्यपदक जिंकलं. स्पर्धेच्या अशा रायफलचा चाप शंभर-दीडशे ग्रॅम जोरानेही सुटेल असा लावता येतो.

आता दुसरं टोक. अमेरिकेत १९६४ पासून विकली जाणारी ‘रुगर १०/२२’ ही साधी, लोकप्रिय रिमफायर रायफल. तिचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास, आणि कारखान्यातून येणारा चाप ओढायला लागणारा जोर जवळपास अडीच किलो! जितकी रायफल जड, तितकाच चाप जड. मग बोट आवळताना नळी हलणारच. म्हणूनच तिथे घरच्या घरी चाप सुधारण्याचा छंदच लोकांना जडला आहे.

पण चाप चांगला वाटणं फक्त वजनावर ठरत नाही. ताणलेल्या स्प्रिंगवर बसलेला हॅमर ‘सिअर’ नावाच्या छोट्या अडणीला अडकलेला असतो. चाप ओढला की सिअर सरकते, हॅमर सुटतो आणि फायरिंग पिनवर आदळतो. सिअर खरखरीत असेल तर चाप अडखळत, रखडत येतो. नेमबाजाला सर्वांत जास्त त्रास होतो तो याच रखडण्याचा, कारण गोळी कधी सुटेल याचा अंदाजच येत नाही. त्यामानाने दोन किलोचा, पण काच तुटावी तसा स्वच्छ सुटणारा चाप बरा.

हे रखडणं घालवायला काही जण सिअर दगडावर घासतात. खरा धोका इथेच आहे. सिअरची पकड जितकी कमी, तितका चाप गोड. पण बंदूक पडली किंवा आपटली तर हॅमरला थोपवणारीही तीच पकड असते. कोन किंचित चुकला की चापाला बोट न लावताही गोळी सुटू शकते. शिवाय बऱ्याच भागांचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो घासून गेला की आतलं मऊ लोखंड झिजत जातं, आणि आज नीट चालणारा चाप काही महिन्यांनी दगा देतो.

दुसरी पळवाट म्हणजे हॅमरची स्प्रिंग मऊ करणं. रिमफायर काडतुसात स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. ती कड चेपण्याइतका ठोसा बसला नाही तर काडतूस पेटतच नाही.

त्यापेक्षा रिकाम्या बंदुकीतलं जुनं, घट्ट झालेलं तेल आणि काजळी साफ करणं कितीतरी शहाणपणाचं. निम्मी तक्रार कित्येकदा तिथेच मिटते. त्यानंतर कारखान्याचाच तयार संच बसवावा. रुगरचा स्वतःचा ‘बीएक्स’ ट्रिगर सव्वा किलोच्या आसपास सुटतो आणि दोन पिना काढून अख्खा बदलता येतो.

भारतात मात्र ही घरची कारागिरी चालत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्त करायला किंवा तिच्यात फेरफार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना असला तरी हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं.