खोगीरभरती : शब्द, वस्तू आणि घोड्याची पाठ

मराठी समीक्षेत 'खोगीरभरती' हा शब्द बहुधा दोषदर्शनासाठीच योजिला जातो. संग्रह फुगविण्यासाठी घातलेल्या निःसत्त्व कविता, प्रबंधातील अनावश्यक उतारे, समितीवरील नामधारी सभासद, ही सारी खोगीरभरती होय. या लाक्षणिक अर्थाचा उगम उघड आहे. खोगिराच्या गादीत चिंध्या, गवत, जुनी लोकर असे अन्यत्र निरुपयोगी ठरलेले पदार्थ कोंबीत असत. परंतु भरलेला माल टाकाऊ असला तरी भरण्याचे काम टाकाऊ नव्हते. घोड्याची पाठ शाबूत राहावयाची की सडावयाची, हे पुष्कळ अंशी त्या भरतीवरच ठरते. शब्दाच्या अर्थान्तरात ही बाजू गळून पडली.

'खोगीर' हा शब्द फारसी आहे. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे घेणारा. घाम टिपून घेणारी गादी, एवढाच त्याचा मूळ अर्थ. हाच '-गीर' 'बारगीर' या शब्दातही आढळतो. फारसीत बारगीर म्हणजे ओझे वाहणारे जनावर. मराठीत मात्र तो सरकारी घोड्यावर बसणारा स्वार झाला. जनावराचे नाव माणसाने उचलल्याचे हे एक गमतीचे उदाहरण म्हणावयास हरकत नाही.

असे बारगीर ज्या मुलखात वावरले, त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात खोगिराखालची पाठ हा आजही केवळ कोशातला विषय नाही. १६२४ मध्ये मलिक अंबरने ज्या भातवडीस लढाई जिंकली, ते गाव याच जिल्ह्यातले. स्वारांचे घोडे इतिहासजमा झाले; पण पारनेरसारख्या तालुक्यांतील मेंढपाळ धनगरांची बिऱ्हाडे मेंढरांमागून निघतात, तेव्हा भांडी, अंथरुणे, कोकरे आणि कधी लहान मूलही घोड्याच्याच पाठीवर असते. ओझे लादण्याचे काम प्रायः स्त्रियांकडे असते. एका घोड्याची पाठ बिघडली म्हणजे त्याचे ओझे दुसऱ्या घोड्यावर, नाही तर माणसांच्या डोक्यावर जाते.

जोडा पायाला 'लागतो', त्याच अर्थाने खोगीर पाठीला लागते. घोड्याच्या कण्यावर मांसाचे आच्छादन जवळजवळ नसते. मानेच्या बुडाशी, दोन्ही खांद्यांमधल्या उंचवट्यावर तर हाडावर थेट कातडीच. वजन कण्याच्या दोन्ही अंगांच्या स्नायूंवर पडावे आणि मधे कण्याला मोकळी वाट राहावी, म्हणूनच भरती असते. भरती एका जागी गोळा झाली, की तेथील रक्तप्रवाह दबतो व कातडी आतून मरू लागते. त्यातून घरगुती सामानाचे ओझे हे निर्जीव ओझे; स्वार जसा चालीबरोबर तोल सावरतो, तसे ते सावरीत नाही.

येथे दुष्काळाचा संबंध येतो, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. पर्जन्यछायेतल्या या प्रदेशात उन्हाळ्याअखेर घोडा रोडावतो, पाठीचे स्नायू उतरतात, कणा वर येतो. पावसाळ्यानंतर बेताचे बसणारे खोगीर आता हाडावर टेकते. खोगीर तेच, घोडाही तोच. दोष भरती न बदलण्याचा. ऋतुमानाप्रमाणे ती उसवून पुन्हा भरावी लागते.

पाठ बिघडू लागल्याची चिन्हे जखमेच्या आधीच दिसतात. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादाच कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब अधिक आहे असे समजावे. तंग आवळताना घोडा कान पाडतो, चावू पाहतो, पाठ खाली दाबतो. याला खोडी म्हणून चाबूक दाखविणे हा शुद्ध अन्याय होय. लांबच्या मजलेनंतर तंग सैल करून खोगीर काही मिनिटे तसेच ठेवावे, म्हणजे दबलेल्या कातडीत रक्त एकदम न येता हळूहळू परतते, हा घोडदळांतला जुना परिपाठ आहे.

सूज आली तर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या. ती फोडू नये. कातडी सोलवटली असल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सुमारे ९ ग्रॅम मीठ घालून त्याने जखम धुवावी आणि माशा बसू देऊ नयेत, कारण अळ्या पडण्यास वेळ लागत नाही. घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडतो, म्हणून लशीची चौकशी करणे अगत्याचे. चामड्यासारखा कठीण मृत चट्टा धरला असेल, किंवा खांद्यावरील उंचवट्यातून पू वाहत असेल, तर पशुवैद्याखेरीज इलाज नाही. मलमाने यातले काहीही साधत नाही, जोवर ओझे पाठीवर चढतच आहे. जखमेच्या जागी गादीला भोक पाडण्याची युक्तीही फसवी. त्या भोकाची कड शेजारच्या कातडीला नवी जखम करते.

बरी झालेली पाठही आपला वृत्तान्त लपवीत नाही. दाबाने केसांची मुळे दुखावली, की तेथे पुन्हा उगवणारे केस पांढरे येतात. काळ्या वा तांबड्या घोड्याच्या पाठीवरील अशा पांढऱ्या ठिपक्यांवरून, पूर्वी कोणत्या जागी खोगिराची भरती चुकली होती, हे विकत घेणाऱ्यास वाचता येते.