यॉर्कशायरचं पत्र : लाकूड येतं बोटीने

सेल्बी, इंग्लंड

हिवाळ्यात मिरज-आरग रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे खोळंबलेल्या वाचकांनो, इथे असाच माल रुळांवरून जातो. बंद वाघिणींत लाकडी पेलेट असतात: भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या. अमेरिकेतल्या लुइझियाना-मिसिसिपीकडून त्या बोटीने येतात. भिजल्या तर फुगून भुगा होतो, म्हणून वाघिणीपासून घुमटाकार कोठारापर्यंत सगळं झाकलेलं.

मुक्काम ड्रॅक्स, ब्रिटनचं सर्वांत मोठं वीजकेंद्र. कोळशाच्या सहा संचांपैकी चार २०१३ ते २०१८ दरम्यान लाकडावर आले; क्षमता सुमारे २,६०० मेगावॉट.

हा उद्योग कशापायी? युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमाने ब्रिटनला २०२० पर्यंत १५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून मिळवायची होती. बॉयलर, वाहिन्या, कामगार तयारच होते. इंधन तेवढं बदललं. शिवाय हिशेबाची सोय अशी, की लाकडाचा कार्बन झाड तोडलं त्या देशाच्या खात्यावर पडतो आणि ब्रिटनच्या धुरांड्याच्या नावापुढे शून्य लागतं. झाड पुन्हा वाढायला काही दशकं लागतात, पण तक्त्यात त्याला रकाना नाही. अनुदान मात्र ग्राहकाच्या वीजबिलातून जातं. लाकडाची माहिती नीट न दिल्याबद्दल कंपनीने २०२४ मध्ये अडीच कोटी पौंड भरले.

आपल्याकडे टनभर ऊस गाळला की पावटनाहून जास्त बगॅस कारखान्यातच पडतो. त्याच्या वाफेवर आधी गाळप, मग उरलेली वीज ग्रीडला. त्यासाठी कुणी झाड तोडत नाही. भारताने २०२२ साठी जैवभाराचं १० गिगावॉटचं उद्दिष्ट ठेवलं, ते मुदतीआधी गाठलं गेलं, त्यात मोठा वाटा साखर कारखान्यांचा. खोट एवढीच, की हंगाम संपला की बगॅसही संपतो. आणि शेतात पाचट पेटवणं अजून थांबलेलं नाही, हेही कबूल करायला हवं.

इथलं सरकारही आता हात आखडता घेतंय. २०२७ ते २०३१ च्या नव्या करारात अनुदान जवळपास निम्मं, आणि केंद्र क्षमतेच्या २७ टक्क्यांपलीकडे चालवायचं नाही. ब्रिटनकडून काही घ्यायचंच असेल तर समुद्रातल्या पवनचक्क्या घ्याव्यात. जळण बोटीने आणण्याचा हा व्यवहार आपल्याला परवडणारा नाही.