आधी थांबणं, मग पळणं : जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आणि आपला घाट



आज आपण असं धरून चालू, की कर्जत किंवा खालापूरकडच्या एका घराच्या शेडमध्ये एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार येऊन उभी राहिली आहे. दोन सीटची, उघड्या टपाची. एमजीबी म्हणू या. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनत होती. मालक हौशी आहे, पण नवखा. आजवर त्याने सकाळी गाडी सर्व्हिसला सोडायची आणि संध्याकाळी बिल भरून आणायची, एवढंच केलेलं आहे. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : इंजिन कसं आहे? आणि दुसरा : रंग कधी काढायचा?

माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे. मग थंड राहिली पाहिजे. मग नीट पेटली पाहिजे. चमकायचं काम सगळ्यात शेवटी. आणि हे आपल्या भागात जास्तच खरं आहे, कारण इथून हौसेनं कुठे जायचं म्हटलं की खोपोलीहून खंडाळ्याचा जुना घाट समोर येतो.

घाट उतरण्याचं गणित

कर्जतकरांना हे नव्याने सांगायला नको. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला जादा इंजिनं लागतात, ते बँकर. चढच ३७ ला १ असा आहे. पण रेल्वेने जास्त काळजी घेतलीय ती उताराची. घाट उतरणाऱ्या गाड्या मध्ये ब्रेक तपासायला थांबतात, आणि सुटलेली गाडी वळवून घ्यायला कॅच सायडिंग बांधलेली आहेत. चढताना ताकद कमी पडली तर गाडी जागच्या जागी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडले तर ती थांबत नाही, हाच तर प्रश्न आहे.

आता आपली छोटी गाडी घ्या. दोन माणसं धरून वजन साधारण एक टन. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार सुमारे ५०० मीटर. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा निघते, ती सगळी ब्रेकवर टाकली तर तिच्यात साधारण १५ लिटर पाण्याला उकळी फुटेल. एवढी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. निम्मं काम इंजिन करतं.

ब्रेक ऑइल पाणी पितं

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं, की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. उकळलं की वाफ होते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं आणि गाडी आपली चालतच राहते. आपल्याकडचे पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दरवर्षी पाऊस संपल्यावर ऑइल बदला असं मी का म्हणतो ते कळेल. बाटली उघडी ठेवू नका, आणि रंगावर थेंब पडू देऊ नका, तो रंग खातो.

दुसरी गोष्ट. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी काम करते. एमजीबीच्या सुरुवातीच्या गाड्यांत एकच लाइन आहे. एक जुना रबरी होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. मग उरतो फक्त हँडब्रेक. तो केबलवर चालतो, म्हणून तो ठीक असणं ही चैन नाही.

नवख्या माणसाने स्वतः काय बघायचं? इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. पाय हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय किंवा कुठेतरी गळती आहे. पेडलखालचा गालिचा उचलून ओल बघा. चाकांच्या आतल्या बाजूला ओल बघा. होज वाकवून चिरा बघा. आणि पेडल सोडल्यावर एखादं चाक जखडून राहत असेल, तर होज आतून फुगलेला असू शकतो. बघायचं तुम्ही. पण ब्रेक पहिल्यांदा खोलताना शेजारी जाणकार मिस्त्री हवाच. काम झाल्यावर चाचणी सपाट, मोकळ्या जागेत, हळू वेगात. थेट घाटात नाही.

पाणी आणि पेटणं

घाट चढताना बरेच जण वरचा गिअर धरून ठेवतात, इंजिनाला त्रास नको म्हणून. होतं उलटं. एमजीबीच्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप आणि पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद फिरलं की तेही मंद, आणि ओझं मात्र पुरं. म्हणून धाप लागायच्या आधीच खालचा गिअर टाका. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलात तर नमस्कार करून पाण्याच्या काट्याकडेही नजर टाका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता पेटणं. गाडी अडखळली की सगळे कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळायला जातात. एमजीबीला एसयू कार्ब्युरेटर असतात. त्यात एक पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होतो, त्याला निमुळती सुई लावलेली असते, आणि ती पेट्रोलची वाट कमी-जास्त करते. वरच्या नळीतलं थोडं तेल पिस्टनला एकदम उडू देत नाही. तेल आटलं की ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी गुदमरते. इतकं साधं यंत्र फार वेळा दोषी नसतं. म्हणून क्रम धरा : आधी टॅपेट, मग पॉइंट आणि प्लगची फट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटर शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. दोन बदल एकत्र केले तर गाडी कशामुळे सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर मुळीच कळत नाही.

पाने आणि माणसं

या गाडीचे नटबोल्ट बहुतेक इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर आपला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटर सैल असतो. जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा एक सेट ही पहिली खरेदी. शिवाय १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. नवा रेडिओ किंवा चार्जर नेहमीच्या सवयीने जोडलात तर धूर निघेल.

शिकवणारा कुठे मिळेल? आपल्या ॲम्बेसेडरला अनेक वर्षं १४८९ सीसीचं इंजिन होतं. ते ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. तसंच मद्रासला १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ही मुळात ट्रायम्फची, आणि ट्रायम्फ स्पिटफायर हेराल्डचीच चासी आखूड करून उभी केलेली. पार्ट सगळे एकमेकांना बसत नाहीत, पण हात बसलेला असतो. ॲम्बेसेडरचे टॅपेट कानाने लावणारे मिस्त्री आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडे गाडी सोडून येऊ नका. शेजारी स्टूल टाकून बसा आणि वही काढा. त्यांचं ज्ञान बिलावर छापून मिळत नाही.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर ही गाडी चालेल का?*

चालते, पण जुने रबरी पाइप आणि सील त्यात लवकर खराब होतात, आणि इथेनॉलही पाणी ओढतं. इथेनॉल सोसणारे पाइप घाला, टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवू नका. इंजिनजवळ पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

*प्रश्न : नोंदणीचं काय?*

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. त्यात 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते. गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. तेव्हा इंजिन बदलण्याची घाई करण्याआधी हे नियम वाचा.

*प्रश्न : पावसाळ्यात झाकून ठेवायची ना?*

प्लॅस्टिकने नको. आत घाम धरतो आणि पत्रा तिथून सडतो. हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला, दारांखालची पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा, आणि गालिचे काढून घरात ठेवा. दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ द्या. आणि शेडमध्येच दोन हात पुढे-मागे घेऊन ब्रेक दाबून बघा. चाकं जखडली असतील तर ते शेडमध्येच कळलेलं बरं.