अटाल्याचा हिशेब

इंदूरजवळच्या महूच्या बाजारात अटाल्याचं दुकान आहे. आपण ज्याला भंगार म्हणतो, त्याला इथे माळव्यात अटाला म्हणतात. या दुकानातलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे दोरीला बांधलेलं लोहचुंबक. काट्यावर चढण्याआधी प्रत्येक वस्तू त्याला टेकवली जाते. चिकटली तर लोखंडाच्या ढिगात. नाही चिकटली तर कानशीचा एक फटका मारून आतला रंग पाहायचा. चकचकीत तोटीच्या आत पितळ निघतं, तांब्यासारख्या दिसणाऱ्या तारेच्या आत कधी अ‍ॅल्युमिनियम. बाहेरचा रंग काय सांगतो, यावर इथे कुणी भाव देत नाही.

प्लास्टिकपुढे चुंबकाचा उपयोग नसतो. तिथे बोटं आणि कान लागतात. वाकणारं वेगळं, टक् करून तुटणारं वेगळं. दुधाच्या पिशव्यांचा गठ्ठा वेगळा आणि पाण्याच्या बाटल्यांचा वेगळा. त्यातही पारदर्शक बाटली एका पोत्यात आणि हिरवी दुसऱ्यात, कारण रंगीत मालापासून रंगीतच माल होतो आणि त्याला गिऱ्हाईक कमी. बाटली निवडणाऱ्या बाई टोपण फिरवून काढतात, लहान सुरीने लेबल उभं चिरतात आणि तीन वस्तू तीन दिशांना फेकतात. हात थांबत नाही, नजरही वर होत नाही.

ही सुरी का लागते, ते पुढच्या टप्प्यावर कळतं. बाटलीचे तुकडे करून पाण्यात टाकले की बाटलीचं पेट प्लास्टिक बुडतं आणि टोपणाचं प्लास्टिक तरंगतं. पाणीच निवडणी करून देतं. पण काही लेबलं पीव्हीसीची असतात. पीव्हीसीही बुडतं, आणि वितळवताना त्याचा थोडासा अंश सगळा घाणा पिवळा पाडतो. चांगल्या तुकड्यांपासून बहुतेक वेळा धागा निघतो, उशीचा कापूस निघतो. बाटलीची पुन्हा बाटली होणं त्याहून अवघड असतं.

महू हे छावणीचं गाव. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि सैन्याचं दूरसंचार अभियांत्रिकीचं कॉलेज इथेच आहे. कोर्स संपला, बदली झाली की कुटुंबं सामान आवरतात. कूलर, सायकली, टेबलं, लोखंडी ट्रंका हातोहात दुसऱ्या घरी जातात, किंवा थोड्या दुरुस्तीनंतर पुन्हा विक्रीला लागतात. वस्तू पुन्हा पुन्हा वापरात फिरवत ठेवणाऱ्या चक्रीय अर्थव्यवस्थेतलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त चक्र हेच. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवं करण्याच्या तुलनेत साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते, हे खरं. पण पातेलं पातेलं म्हणूनच दुसऱ्या घरी गेलं तर तेवढीही लागत नाही.

गल्ल्यावर बसलेल्या शेठला मी विचारलं, "यातला कचरा कोणता?" तो म्हणाला, "भिया, बिकता है तो माल, नी तो कचरा." मला वाटतं, या विषयावरचे सगळे अहवाल वाचूनही शेवटी याच वाक्यापाशी यावं लागतं.

ओल्या कचऱ्याचंच पाहा. अटालेवाला त्याला हात लावत नाही, कारण त्याला कधीच गिऱ्हाईक नव्हतं. इंदूरने ते तयार केलं. सुरुवात चोइथराम मंडीतल्या रोज २० टनांच्या लहान प्रकल्पाने झाली. भाजीबाजाराचा कचरा मुळातच एकजिनसी असतो, म्हणून ते जमलं. मग घरोघरचा ओला कचरा वेगळा गोळा होऊ लागल्यावर देवगुराडियाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. त्यातून दिवसाला सुमारे १७ टन सीएनजी आणि १०० टन खत निघावं, असा आराखडा.

कचरा खोल खड्ड्यात पडतो. क्रेनचा पंजा तो उचलतो, तो चाळण्यांतून गाळला जातो, मग दळून त्याचा लगदा होतो. बंद टाक्यांत हवेशिवाय जगणारे जिवाणू तो पचवतात आणि मिथेन सोडतात. मिथेनसोबतचा कार्बन डायऑक्साइड काढून टाकला की इंधन तयार. सगळ्या यंत्रांत हळवे आहेत ते हे जिवाणू. प्लास्टिकची पिशवी ते पचवत नाहीत, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच ती दळणयंत्राच्या पात्यांना गुंडाळते. म्हणून या कारखान्याचा पहिला कामगार स्वयंपाकघरात दोन डबे ठेवणारा माणूस आहे. आणि शेवटचा दुवा म्हणजे बस: निम्मा गॅस महापालिकेने बाजारभावाहून किलोमागे ५ रुपये कमी दराने घ्यायचा आणि शहर बस चालवायच्या, हे आधीच ठरलं होतं. गिऱ्हाईक पक्कं झालं, तेव्हा सालींचा माल झाला.

महूची छावणी इंदूर महापालिकेत येत नाही, तिचं बोर्ड वेगळं. तरी स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशातली सर्वांत स्वच्छ छावणी म्हणून तिचीच निवड झाली. रस्त्यावर कागद दिसत नाही, हे खरंच. पण स्वच्छ रस्ता आणि पूर्ण झालेलं चक्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उचललेलं चिप्सचं पाकीट कुठे जातं? प्लास्टिकचे थर आणि अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना इतके चिकटलेले असतात की पाणी, चुंबक, नख, कशानेच ते सुटत नाहीत. अशा मालाचं पुष्कळदा सिमेंटच्या भट्टीत इंधन होतं. त्यातून उष्णता मिळते, वस्तू मात्र संपते.

याचं टोकाचं उदाहरण जवळच पिथमपूरला घडलं. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये तिथे आणला गेला आणि जूनअखेर जाळून झाला. जाळताना चुना मिसळावा लागला, त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा जड भरली. भोपाळच्या वायुदुर्घटनेला चाळीस वर्षं उलटल्यावरही ती पुन्हा सांभाळावीच लागणार. काही पदार्थांना परतीची वाटच नसते, आणि ते बनवायचे की नाही हे कारखान्याच्या दारातच ठरतं.

गाडीच्या जुन्या बॅटरीला मात्र ती वाट आहे. नवी घेताना जुनी दिली की पैसे कमी होतात. जुनी परत घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी उत्पादक-विक्रेत्यांवर टाकली, २०२२ च्या नियमांनी ती सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्यांपर्यंत नेली. प्लास्टिकच्या कडक वेष्टनांत २०२५-२६ पासून किमान ३० टक्के पुनर्वापरित प्लास्टिक असावं, हा नियमही त्याच दिशेचा आहे, कारण तो कचरा उचलायला सांगून थांबत नाही, विकत घ्यायला लावतो. शेठ चिप्सची पाकिटं आजही घेत नाही. त्याने ती घ्यावीत असं वाटत असेल, तर त्यांची किंमत तीन थर एकत्र चिकटवणाऱ्याने मोजायला हवी. शेठला ते एका मिनिटात समजेल. त्याच्याकडे काटा तयार आहे.