उत्तरपत्रिकेतली कविता आणि कलम ५२

परीक्षेत एखादा मुलगा कुसुमाग्रजांच्या कवितेच्या आठ ओळी पाठ लिहितो, तेव्हा कायद्याच्या नजरेने तो काय करत असतो? कॉपीराइट असलेल्या साहित्यकृतीची प्रत काढत असतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत चालणार आहे. तरी त्या मुलाला कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही. त्याचं कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. कलम ५२ म्हणतं की प्रश्नपत्रिकेत प्रश्नाचा भाग म्हणून आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात काढलेली प्रत हक्कभंग ठरत नाही. मालकी सांगणारा कायदा लिहिताना कुणीतरी परीक्षेला बसलेल्या मुलाचाही विचार केला होता, हे वाचून आजही थक्क व्हायला होतं.

त्याच उपकलमात आणखी एक मुभा आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत चालते. एवढंच. किती पानं, कोणत्या यंत्रावर, कोणत्या खोलीत, यातलं काही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने या मुभेची व्याप्ती वाढली. आधी ती साहित्य, नाटक, संगीत आणि कला यांच्यापुरती होती. आता ‘कोणतीही कृती’ असे शब्द आहेत. घरून ऑनलाइन शिकवणाऱ्या आजच्या प्राध्यापकाचा बराचसा आधार या मोजक्या शब्दांवर आहे.

हे शब्द किती ताणले जाऊ शकतात, याची कसोटी लागली ती दिल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान विद्यापीठाच्या परवान्याने चालायचं. दर पानाला ४० पैसे. प्राध्यापक अभ्यासक्रमात वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं नेमायचे आणि दुकान ती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ, दोघांवरही दावा लावला. ज्यांची पानं त्या संचांत होती, त्यांतल्या कित्येक लेखकांनी उलट विद्यार्थ्यांचीच बाजू घेतली. विद्यार्थ्यांची संघटनाही खटल्यात उतरली.

१६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांच्या निकालपत्रात एक आठवण आहे. ते स्वतः कायदा शिकत होते तेव्हा मुलं पाळीपाळीने ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हाताने उतरवून घ्यायची आणि मग त्यांच्या कार्बन प्रती निघायच्या. तेव्हा तो गुन्हा नव्हता. मग यंत्र आलं म्हणून तो गुन्हा कसा ठरेल? मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर मुद्दा वाटतो. मुभा शिकण्याच्या कामाला दिलेली आहे. हात, कार्बन आणि झेरॉक्स ही फक्त साधनं आहेत.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने हा विचार आणखी पुढे नेला. त्यांच्या मते टक्केवारीची मर्यादा इथे लागूच होत नाही. घेतलेला मजकूर त्या अभ्यासक्रमासाठी गरजेचा होता का, एवढंच पाहायचं. तो प्रश्न तपासायला खटला परत खाली पाठवला गेला, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

अमेरिकेत काय झालं ते याच्या शेजारी ठेवून पाहावं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजनेच, सेज या प्रकाशकासह, २००८ मध्ये जॉर्जिया स्टेट विद्यापीठावर दावा लावला. तिथे प्रश्न झेरॉक्सचा नव्हता, विद्यार्थ्यांसाठी संगणकावर चढवलेल्या प्रकरणांचा होता. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी साधारण दहा टक्के किंवा एक प्रकरण असं माप लावलं. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने ते माप यांत्रिक म्हणून नाकारलं. मग एकेक पुस्तक, एकेक उतारा पुन्हा तपासायला घेतला गेला आणि ते काम २०२० पर्यंत पुरलं. ऑनलाइन शिक्षणासाठी अमेरिकेने २००२ मध्ये खास तरतूदही केली होती, पण अटींची यादी लांबलचक. प्रत्यक्ष वर्गात पूर्ण चित्रपट दाखवता येतो, पण तोच वर्ग ऑनलाइन भरला की या तरतुदीनुसार ‘वाजवी आणि मर्यादित’ भागच दाखवता येतो. त्या काळच्या तंत्रज्ञानाकडे पाहून बारकाईने लिहिलेला नियम तंत्रज्ञान बदललं की अडकतो. आपलं एक वाक्य मात्र साठ वर्षांनंतरही कामाला येतं.

म्हणून सगळं मोकळं आहे असं समजू नये. दिल्लीचा निकाल झेरॉक्सचा आहे, मूडल किंवा गूगल क्लासरूमवर चढवलेल्या पीडीएफचा नाही. पण त्याचा तर्क ऑनलाइन वर्गालाही लागू पडतो, असं मला मनापासून वाटतं, जोवर तो खरोखर वर्ग आहे. नोंदणी केलेले विद्यार्थी, त्यांचं लॉगिन, नेमलेला अभ्यासक्रम आणि त्यासाठी निवडलेली प्रकरणं असली की शिकवण्याचा ओघ तिथे आहे. तेच प्रकरण सगळ्यांना उघड्या दुव्यावर ठेवलं, किंवा अख्खं पुस्तक टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकलं, की समोर वर्ग उरत नाही, सारं जग उभं राहतं. ‘स्वयम्’सारख्या, कुणालाही नाव नोंदवता येणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी दुसऱ्याचा मजकूर घेताना परवानगी काढणं किंवा खुल्या परवान्याचं साहित्य वापरणं हाच शहाणपणा.

चित्रपटांसाठी कलम ५२ मध्येच वेगळी ओळ आहे. संस्थेच्या कामकाजाच्या ओघात, शिक्षक, विद्यार्थी आणि संस्थेशी जोडलेली माणसं एवढाच प्रेक्षकवर्ग असेल, तर चित्रपट दाखवता येतो. या प्रेक्षकांत कायद्याने पालकांनाही नावानिशी बसवलं आहे. इतकंच नव्हे, अशा प्रेक्षकांपर्यंत चित्रपट ‘पोहोचवण्या’चाही उल्लेख आहे. ऑनलाइन वर्गासाठी हा शब्द मोठा आधार वाटतो. पण ते व्याख्यान चित्रपटासकट यूट्यूबवर गेलं की हा आधार संपतो.

ज्या साहित्यावर हक्कच उरलेला नाही, तिथे यातली कुठलीही चर्चा करावी लागत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो आणि ही मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, म्हणजे १९९१ संपताच त्यांचं साहित्य मोकळं होणार होतं. ती वेळ आली तेव्हा मुदतच दहा वर्षांनी वाढवली गेली, आणि ती देशातल्या सगळ्या लेखकांना लागू झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं २००१ च्या पहिल्या दिवशी मोकळी व्हायची, ती २०११ ला झाली. शांतिनिकेतनातल्या कवीसाठी ‘श्यामची आई’ने दहा वर्षं थांबावं, ही आपल्या साहित्याच्या इतिहासातली विलक्षण गोष्ट आहे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. केशवसुत आणि बालकवी तर कधीचेच. मराठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी या तारखा जवळ ठेवाव्यात. मात्र मूळ मजकूर मोकळा असला, तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं त्या-त्या माणसांची असतात.

संशोधन लेखांचा प्रश्न आता बराच हलका झाला आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं. सुमारे ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली आणि त्यांत राज्य विद्यापीठंही आहेत. इथे करार लागू होतो, म्हणून लेखाची पीडीएफ वर्गात चढवण्याऐवजी दुवा द्यावा. आयआयटी आणि आयआयएससीच्या ‘एनपीटीईएल’चं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याने मिळतं. त्याच्या अटी पाळून ते घेता येतं, बदलता येतं, मराठीत आणता येतं.

आणि एक विद्यार्थी यादीत शेवटी राहू नये. २०१२ च्याच दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचं रूप बदलायची मुभा दिली, म्हणजे ब्रेल, ध्वनी किंवा स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मजकूर. याच उद्देशाने झालेल्या मराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. ऑनलाइन वर्गातल्या अंध मुलीसाठी नेमलेलं प्रकरण ऐकता येईल असं करून देणं कायद्यात बसतं. पानांचे नुसते फोटो काढून पीडीएफ चढवली, तर तिचा स्क्रीन रीडर त्यातला एक शब्दही वाचू शकत नाही. स्कॅन करताना मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायला काही मिनिटं लागतात.