गिधाडांचा ऱ्हास आणि मानवी आरोग्य : एका संशोधनाचा मागोवा

मराठीत 'गिधाड' हा शब्द बहुधा निंदेसाठीच वापरला जातो. दुसऱ्याच्या संकटात स्वतःचा लाभ पाहणाऱ्याला आपण गिधाड म्हणतो. विजय तेंडुलकरांनी माणसातील क्रूर लोभाचे चित्र रंगविताना नाटकाला 'गिधाडे' हेच नाव दिले. उर्दूतही वेगळी स्थिती नाही. इक्बालांच्या काव्यात 'शाहीन' म्हणजे ससाणा हा स्वाभिमानाचे प्रतीक आहे, तर 'कर्गस' म्हणजे गिधाड हे त्याच्या उलट टोकाला आहे. जटायूसारखा अपवाद सोडला, तर साहित्याने या पक्ष्याला फारसा मान दिलेला नाही. विज्ञानाने मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत वेगळाच निवाडा दिला आहे. तो कसा, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गिधाडांचे कार्य

भारत हा प्रचंड पशुधन असलेला देश आहे. मेलेले जनावर गावाबाहेर नेऊन टाकायचे, कातडे काढून घ्यायचे, मांस गिधाडांनी संपवायचे आणि उरलेली हाडे गोळा करणाऱ्यांनी न्यायची, अशी व्यवस्था पिढ्यान्पिढ्या चालत आली. गिधाडांचा थवा गाईचे शव थोड्याच वेळात साफ करतो. त्यांच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. म्हणजे एका पैशाचाही खर्च न करता देशभर आरोग्य खात्याचे काम चालले होते. 1980 च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी सर्वाधिक संख्येचा पक्षी असावा, असे अभ्यासकांना वाटत होते.

ऱ्हास आणि त्याचे कारण

1990 च्या दशकात चित्र पालटले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी नोंदविले. पुढील पाहण्यांतून जे आकडे आले ते हादरवणारे होते. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली, तर लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची सुमारे 97 टक्क्यांनी.

प्रारंभी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. कीटकनाशकांचाही विचार झाला. उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी मृत गिधाडांचे विच्छेदन केले, तेव्हा अनेकांच्या आतड्यांवर व इतर अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे हे लक्षण होय. असे लक्षण असलेल्या 25 गिधाडांची तपासणी केली असता सर्वांच्या शरीरात डायक्लोफेनॅक हे औषध सापडले. लक्षण नसलेल्या 13 गिधाडांत एकाही ठिकाणी ते नव्हते. हे निष्कर्ष 2004 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

डायक्लोफेनॅक हे साधे वेदनाशामक. 1990 च्या दशकात ते स्वस्त झाले आणि दुखावलेल्या बैलाला, तापलेल्या गाईला सर्रास टोचले जाऊ लागले. जनावरांना ते अपायकारक नव्हते. परंतु औषध दिल्यावर लवकरच जनावर दगावले, तर मांसात उरलेला अंश गिधाडाच्या मूत्रपिंडाला पेलवत नसे. येथे एक प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो : सर्वच शवांत तर औषध नसणार, मग 99 टक्के पक्षी कसे नष्ट झाले? याचे उत्तर गणितात आहे. एका शवावर डझनावारी गिधाडे जेवतात आणि एकच गिधाड वर्षभरात अनेक शवांवर जेवते. शंभरांत एकापेक्षाही कमी शवे विषारी असली तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यातच गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे झीज भरून निघत नाही.

माणसावर परिणाम

गिधाडे गेली, पण शवे राहिली. ती भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आली. 1992 ते 2006 या काळात गिधाडांच्या अभावी भारतात कुत्र्यांची संख्या किमान 55 लाखांनी वाढली व त्यातून रेबीजचे सुमारे 48 हजार अधिक मृत्यू ओढवले, असा अंदाज 2008 च्या एका अभ्यासात मांडला गेला.

त्याहून व्यापक अभ्यास इयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 साली प्रसिद्ध केला. पूर्वी गिधाडांचा अधिवास असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची त्यांनी तुलना केली. औषधाचा वापर वाढण्यापूर्वी दोहोंतील मृत्युदराची वाटचाल सारखीच होती. नंतर मात्र गिधाडांच्या जिल्ह्यांत तो चार टक्क्यांहून अधिक वाढला. यावरून 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा एकेक मृत्यू मोजून काढलेला आकडा नसून तुलनेतून काढलेले अनुमान आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि कुत्र्यांची वाढ, रेबीज व दूषित पाणी हे दुवे त्याला पुष्टी देतात.

उपाय आणि बोध

2006 साली भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित पर्यायी औषध त्याच सुमारास सिद्ध झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात राहिल्या. म्हणून 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. जनावराच्या शरीरात ज्याचे डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते ते ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांच्यावर बंदी यायला 2023 साल उजाडले. हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथील 20 गिधाडे जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. परंतु पिंजऱ्यातील पक्षी मोकळे सोडायचे, तर बाहेरचे शव निर्विष असले पाहिजे. त्याची चावी शास्त्रज्ञांपेक्षा औषध लिहून देणाऱ्या पशुवैद्याच्या, ते विकणाऱ्या दुकानदाराच्या व ते मागणाऱ्या पशुपालकाच्या हाती अधिक आहे.

या प्रकरणात कोणीही गिधाडांचा शत्रू नव्हता. शेतकऱ्याने आपल्या जनावराची वेदना कमी केली, एवढेच. औषध माणसाला व जनावराला चालते का, हे तपासले गेले होते. आकाशातून उतरणाऱ्या तिसऱ्याला ते चालते का, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सृष्टीतील कोणता जीव आपल्या उपयोगाचा, हे ठरविण्याइतके आपले ज्ञान पुरे नाही. जैवविविधतेचे रक्षण ही केवळ पक्षिप्रेमींची हौस नसून आपल्या मुलाबाळांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव शाळा-महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे हे आपणा शिक्षकांचे काम आहे.